थांबायचं कधी? मेंदूचं उत्तर वेगळं, हृदयाचं वेगळं

"रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले." हे वाक्य कानावर पडलं नाही असं मराठी घर विरळाच. नात्यात, सोसायटीत, गावात एखादं उदाहरण असतंच आणि त्यावरून दोन उलटे निष्कर्ष काढले जातात. काम सुटलं की माणूस खचतो, म्हणून हातपाय चालताहेत तोवर सोडू नये, असं काही जण म्हणतात. बाकीचे म्हणतात, जन्मभर राबला आणि सुख भोगायला उरला नाही, तेव्हा लवकर सोडलेलं बरं. या दुसऱ्या मताच्या मदतीला एक तक्ता वर्षानुवर्षे इंटरनेटवर फिरतो आहे. पन्नाशीत निवृत्त झालेले ८६ वर्षांपर्यंत जगतात आणि पासष्टीला निवृत्त झालेले दोन वर्षांत जातात, असं त्यात मांडलेलं असतं. आकडे बोइंग कंपनीच्या पेन्शनरांचे म्हणून दिलेले असतात. ते खोटे असल्याचं बोइंगने स्वतःच सांगितलेलं आहे, त्यामुळे तो तक्ता पुढे पाठवू नका.

खऱ्या नोंदी काय सांगतात? शेल ऑइल या तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचावन्नला निवृत्त झालेल्यांचा मृत्युदर, त्यानंतरही कामावर राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे तक्त्याच्या अगदी उलट. पण इथेही एक पेच आहे. पंचावन्नला नोकरी सोडणाऱ्यांत आधीच आजारी असलेले बरेच असतात. ते निवृत्तीमुळे गेले की आजारामुळे निवृत्त झाले आणि आजारामुळेच गेले, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. "वर्षाच्या आत गेले" या आपल्या उदाहरणांनाही हेच लागू पडतं.

हा पेच सोडवायला संशोधक अशी जागा शोधतात, जिथे निवृत्तीची संधी प्रकृतीमुळे न मिळता सरकारी नियमामुळे मिळाली. ऑस्ट्रियात १९८८ मध्ये तशी वेळ आली. पोलाद उद्योग अडचणीत असलेल्या काही जिल्ह्यांत पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांना सुमारे चार वर्षं बेकारी भत्ता मिळू लागला. त्यामुळे तिथले लोक शेजारच्या जिल्ह्यांतल्या तशाच कामगारांपेक्षा लवकर घरी बसले. त्यांच्यातल्या पुरुषांत अकाली मृत्यूचं प्रमाण वाढलं, स्त्रियांत वाढलं नाही. संशोधकांनी त्यातल्या काही भागाचं खापर दारू आणि सिगारेटवर फोडलं. नेदरलँड्समध्ये २००५ च्या सुमाराला पंचावन्नच्या पुढच्या सरकारी नोकरांना लवकर निवृत्तीची सवलत मिळाली. तिथे सवलत घेणाऱ्या पुरुषांची पुढच्या पाच वर्षांत मरण्याची शक्यता कमी झाली!

दोन्ही अभ्यास नीट केलेले, उत्तरं मात्र परस्परविरुद्ध. मला यात गोंधळ दिसत नाही. निवृत्ती हे काही एकच औषध नाही, की ज्याचा सगळ्यांवर सारखा परिणाम व्हावा. माणूस काय सोडून येतो आणि घरी येऊन काय करतो, यावर सगळं ठरतं. म्हणून कामाकडेच जरा जवळून पाहू.

आधी मेंदूचं काम. वय वाढलं की मेंदूचा वेग कमी होतो, हे खरं आहे, आणि ते साठीत सुरू होत नाही. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आसपासच शिखरावर असतो आणि तिथून हळूहळू उतरत जातो. शब्दसंपदा मात्र साठी ओलांडेपर्यंत वाढत राहू शकते. मग ज्या कामात वेग आणि अनुभव दोन्ही लागतात, तिथे काय होतं? टिमथी सॉल्टहाऊस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये यासाठी टायपिस्ट निवडले, वयं १९ ते ७२. आधी साधी चाचणी घेतली: खूण दिसली की बटण दाबायचं. त्यात वयस्क माणसं अपेक्षेप्रमाणे मागे पडली. मग टायपिंग करायला लावलं, तर वयाचा फरकच दिसेना. बोटं मंदावलेली असताना हे जमलं कसं?

आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तीस-चाळीसच्या परीक्षेसाठी घासलेल्यांना याचा अंदाज येईल. बोटं एका अक्षरावर असतात आणि नजर पुढच्या शब्दावर गेलेली असते. सॉल्टहाऊसने पडद्यावर पुढची किती अक्षरं दिसावीत यावर मर्यादा घातली. दिसणारी अक्षरं कमी कमी करत नेली, तसे सगळेच मंदावले, पण वयस्क टायपिस्ट आधी अडखळू लागले. याचा अर्थ ते तरुणांपेक्षा जास्त पुढचं वाचत होते. हात पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात पुढच्या अक्षरांची तयारी झालेली असायची. वेगात जे गेलं, ते त्यांनी दूर पाहून भरून काढलं होतं. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ज्येष्ठ हेडक्लार्क फाइल उघडताच "यावर वित्त विभाग हरकत घेणार" म्हणतात, त्यामागेही हेच कौशल्य असावं. अट एकच, काम ओळखीचं हवं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला अनोळखी टेबलावर बसवलं तर ही शिदोरी फारशी कामाला येत नाही.

आता हे काम सुटल्यावर काय होतं ते पाहू. लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल दोन' हा अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यात स्मरणशक्तीची एक चाचणी आहे: वीस शब्द दोन-दोन सेकंदांच्या अंतराने ऐकवतात, मग दोन मिनिटांत आठवतील तेवढे लिहायचे. सुमारे ३,४०० जणांच्या अनेक वर्षांच्या उत्तरपत्रिका तपासून २०१८ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की निवृत्तीनंतर शब्द विसरण्याचा वेग आधीपेक्षा ३८ टक्क्यांनी वाढतो. घाबरून जाऊ नका, ही घसरण दर वर्षी एका शब्दाच्या छोट्याशा अंशाएवढी आहे. तर्कशक्तीत असा फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, वरच्या पदावरच्यांची स्मरणशक्ती नोकरीत असताना कमी घसरत होती, निवृत्तीनंतर हे संरक्षण उरलं नाही. मेंदूला रोज नवा प्रश्न घालणारी खुर्ची होती, तोवरच तिचा फायदा होता. ती सुटल्यावर दुसरं काही तितकंच अवघड हाती घेतलं नाही तर झीज वेग धरते.

एवढं वाचून "मग सोडूच नये" असं वाटेल. पण फ्रान्सच्या वीज आणि गॅस कंपनीच्या सुमारे पंधरा हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास बघा. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांतले १९ टक्के आपली तब्येत बरी नाही म्हणत होते, निवृत्तीनंतरच्या वर्षी १४ टक्के. एका वर्षात माणसं स्वतःला आठ-दहा वर्षांनी तरुण समजू लागली. झोपेच्या तक्रारी कमी झाल्या, थकवा कमी झाला. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या जुनाट आजारांत मात्र फरक पडला नाही. हा आराम सर्वांत जास्त कुणाला मिळाला? ज्यांचं काम जिकिरीचं आणि समाधान न देणारं होतं त्यांना. ज्यांच्या कामाची परिस्थिती उत्तम होती त्यांना जवळजवळ काहीच मिळालं नाही.

आणि हमाली, बांधकाम, ऊसतोड? तिथे अनुभवाची शिदोरी हृदयापुढे अपुरी पडते. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही कष्टाची कमाल मर्यादा. तिशीनंतर ती दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. हृदयाचे ठोके पंचविशीत मिनिटाला १९५ च्या आसपास चढू शकतात, साठीत जेमतेम १६० पर्यंत. दिवसभराच्या कामात या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त ओढ नसावी, असा जुना ठोकताळा आहे. तिशीत जो हमाल नेमका एक तृतीयांश क्षमता वापरत होता, त्याला साठीत तेच पन्नास किलोचं पोतं तेवढ्याच वेळा उचलायला पंचेचाळीस टक्के क्षमता लागते, कारण पोतं काही हलकं झालेलं नसतं. "रोजच कष्ट करतो, त्याला व्यायामाची काय गरज" हा समजही चुकीचा आहे. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीत फावल्या वेळातल्या व्यायामाने हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका घटलेला दिसला, कामातल्या जड कष्टाने मात्र तो वाढलेला दिसला. दिवसभराच्या ओझ्यात हृदयाला उसंत मिळत नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

म्हणून निवृत्तीच्या वयावरचा आपला वाद मला अपुरा वाटतो. महाराष्ट्रात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं नियत वयोमान ५८, चतुर्थ श्रेणीचं ६०. ते सगळ्यांना ६० करावं ही संघटनांची जुनी मागणी, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा तिला तितकाच जुना विरोध. दोघांची बाजू खरी आहे. पण मेंदूच्या आणि खुर्चीच्या कामाला ५८ हा आकडा शरीराने दिलेला नाही, आणि साठीपर्यंत पोचलेला भारतीय सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो. जपानमध्ये १९७५ साली टोकियोत सुरू झालेली 'सिल्व्हर' केंद्रं साठीपुढच्यांना आठवड्यातले काही तासच काम देतात. पूर्ण नोकरी आणि पूर्ण विश्रांती यांच्या मधली ही वाट आपल्या पेन्शनरांनाही मिळायला हवी.

वाद ज्यांच्याबद्दल कधीच होत नाही ते लोक वेगळे आहेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत साठीपुढचा दर तिसरा माणूस कामावर आढळला, खेड्यांत त्याहून जास्त. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालाला निदान भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळते. नोंद नसलेल्या हमालाला, नाक्यावरच्या मजुराला, मुकादमाकडून उचल घेऊन कोयता धरणाऱ्या बाईला थांबण्याचं वय नाही. हृदयाच्या हिशेबाने त्यांनी पंचावन्नच्या आसपास ओझं खाली ठेवायला हवं. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये ६५ व्या वर्षी सुरू होतात, तेही वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मिळाला तर.