मिलर, हेन्री

मिलर, हेन्री : (१८०९–१८८८). ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा बँकर व राजकारणी. मेलबर्नमध्ये त्याला ‘मनी मिलर’ म्हणत, आणि ते काही निव्वळ कौतुकाने नव्हे. जन्म आयर्लंडमधील लंडनडेरीचा. वडील कॅप्टन हेन्री मिलर मोर्टन बे (आजच्या क्वीन्सलँड राज्यातील) येथील कैदी वसाहतीचे पहिले कमांडंट. १८२४ साली रेडक्लिफला वसवलेली ती वसाहत वर्षभरातच ब्रिस्बेन नदीकाठी हलवावी लागली. मुलगा टास्मानियात सरकारी हिशेबतपासणी खात्यात तयार झाला आणि १८३९ मध्ये मेलबर्नला आला. गाव वसून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

जमिनी तारण घेऊन कर्ज देणे हा त्याचा खरा धंदा; आपल्याकडचा वाचक त्याला सरळ सावकारी म्हणेल. व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्याच सुमारास सोने सापडले. मिलर त्याच वर्षी विधान परिषदेवर निवडून गेला. पुढच्या वर्षी त्याने इतरांसोबत बँक ऑफ व्हिक्टोरिया स्थापन केली. बँकांचा त्या काळचा मोठा व्यवहार सोनेखरेदीचा. इंग्लंडच्या टांकसाळीत प्रमाणित सोन्याला औंसामागे ३ पौंड १७ शिलिंग १०½ पेन्स मिळत. खाणीवर तराजूपुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात सुरुवातीला तीन पौंडांच्या आसपासच पडत. मधल्या फरकात जहाजाचे भाडे, विमा आणि नफा असे सगळेच बसे. आग व सागरी विम्याची एक कंपनीही मिलरच्या पुढाकाराने उभी राहिली होती.

व्हिक्टोरियाचा तेव्हाचा पंतप्रधान जॉन ओशॅनसी याच्या मंत्रिमंडळात १८५८ मध्ये त्याने व्यापार व जकात खाते सांभाळले. मंत्री म्हणून मात्र त्याची फारशी छाप दिसत नाही.

मुलगा सर एडवर्ड मिलर हाही बँकेचा अध्यक्ष आणि विधान परिषदेचा सदस्य झाला. मेलबर्नमधील जमिनींची सट्टेबाजी कोसळल्यावर एप्रिल-मे १८९३ मध्ये एकामागून एक बँकांनी दारे लावली. १० मे रोजी बँक ऑफ व्हिक्टोरियानेही. पुनर्रचना करून ती पुन्हा उघडली, पण अशा पुनर्रचनांत ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडत. १९२७ मध्ये ती कमर्शियल बँकिंग कंपनी ऑफ सिडनीत विलीन झाली. त्या बँकेनेही १८९३ च्या त्याच मे महिन्यात व्यवहार थांबवले होते. हेन्रीचा नातू एव्हरार्ड स्टडली मिलर याने ठेवलेल्या निधीतून व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय कलादालनाने १८०० पूर्वीची व्यक्तिचित्रे विकत घेतली.