फ्लोरिडातली वाफेची आगगाडी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

ऑरलँडोच्या सहलीत डिस्नेच्या मॅजिक किंग्डम पार्कचा जो दिवस असतो, त्याच्या वेळापत्रकात आम्ही आगगाडीची वेळ कधीच छापत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. नातवंडांना घेऊन आलेली मंडळी सकाळीच विचारतात, ‘गाडी आज नक्की आहे ना?’ आणि आमचा सहल व्यवस्थापक ‘तिथे गेल्यावर कळेल’ म्हणतो, तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो. ही गाडी खरोखर वाफेवर चालते. तिची इंजिनं शंभरीच्या आगेमागे आहेत. अशा इंजिनाची देखभाल म्हणजे काय असते हे आधी कळलं, तर गाडी मिळाली तरी मजा जास्त येते आणि नाही मिळाली तरी दिवस फुकट गेला असं वाटत नाही. म्हणून हे पत्रक. विमानात वाचायला बरं पडेल.

घायपाताच्या मुलखातून

मॅजिक किंग्डमला वेढा घालणारी ही रेल्वे १ ऑक्टोबर १९७१ ला, म्हणजे पार्क उघडला त्याच दिवशी सुरू झाली. रूळ तीन फुटी, फेरी दीड मैलाची, म्हणजे साधारण २.४ किलोमीटर. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, ही तिच्यापेक्षा एक फुटाने रुंद. इंजिनं चार. क्रमांक १ ‘वॉल्टर ई. डिस्ने’ आणि क्रमांक ३ ‘रॉजर ई. ब्रॉगी’ ही दोन्ही १९२५ ची. क्रमांक २ ‘लिली बेल’ १९२८ ची. क्रमांक ४ ‘रॉय ओ. डिस्ने’ सगळ्यांत म्हातारं, १९१६ चं. ‘लिली’ म्हणजे वॉल्ट डिस्ने यांच्या पत्नी लिलियन, रॉय त्यांचे थोरले बंधू.

चारही इंजिनं पेनसिल्व्हेनियातल्या बॉल्डविन कंपनीने बनवली. हे नाव आपल्यालाही परकं नाही. भारतीय रेल्वेच्या प्रसिद्ध डब्ल्यूपी वर्गातली पहिली १६ इंजिनं १९४७ मध्ये याच बॉल्डविनने बनवून पाठवली होती. डिस्नेची चार मात्र तरुणपणी मेक्सिकोत राबली. युकातान प्रांतात घायपाताची मोठी लागवड होती, त्याच्या वाखाचे दोर जगभर जात. तिथल्या रेल्वेवर ही इंजिनं माल आणि माणसं ओढत. पुढे डिझेल आलं आणि ती भंगाराच्या वाटेला लागली. १९६९ मध्ये रॉजर ब्रॉगी आणि अर्ल व्हिल्मर हे डिस्नेचे दोन जाणकार मेरिदा शहरात पोचले आणि एकेक इंजिन ८,००० डॉलरच्या आसपास विकत घेतलं. क्रमांक ३ ला नाव मिळालं ते याच ब्रॉगींचं.

दुरुस्ती झाली फ्लोरिडातल्याच टँपाच्या गोदीत, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. ऐकायला विचित्र वाटतं, पण जाड पोलादी पत्रा वाकवणारी, जोडणारी आणि बॉयलर समजणारी माणसं गोदीत असतातच. जुने बॉयलर काढून टाकले आणि डिक्सन बॉयलर वर्क्सकडून नवे घेतले. ड्रायव्हरची कॅब नवी, मागचा टेंडर, म्हणजे जळण-पाण्याचा डबा, नवा, जळण डिझेल तेल.

मग जुनं राहिलं काय, असा खोचक प्रश्न आमच्या मंडळींत एखादे निवृत्त इंजिनियर काका हमखास विचारतात. आमचं मत असं: वाफेची इंजिनं सेवेत असतानासुद्धा बॉयलर बदलत आली आहेत. बॉयलर हा झिजणाराच भाग आहे. रेल्वेवाले इंजिनाची ओळख त्याच्या चौकटीवरून आणि त्याच्याबरोबर चालत आलेल्या नंबरावरून धरतात, आणि आम्हाला ते पटतं.

खरी परीक्षा बॉयलरची

इंजिन म्हणून जी लांबट टाकी दिसते, तिचं पोट म्हणजे बॉयलर. मागच्या टोकाला फायरबॉक्स, म्हणजे जळणाची खोली. तिथून पुढच्या धुराड्याकडे पोलादी नळ्या जातात. नळ्यांच्या आतून आग आणि धूर, बाहेरून पाणी. फायरबॉक्सच्या भिंती आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्येही पाणीच असतं. त्या दोन भिंती दाबाने फुगू नयेत म्हणून त्यांना शेकडो स्टेबोल्टनी एकमेकींना बांधून ठेवलेलं असतं.

एवढी काळजी कशासाठी? उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. १० बार दाबाखाली, म्हणजे हवेच्या साधारण दसपट दाबाखाली, ते सुमारे १८० अंशांपर्यंत तापूनही पाणीच राहतं. पत्रा कुठे फाटला आणि दाब एकदम उतरला, तर त्या पाण्यातला काही भाग त्याच क्षणी वाफ होतो, आणि मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या १,६०० पटींहून जास्त जागा लागते. जुन्या काळी इंजिनं फुटून माणसं मेली ती अशीच. बरेचदा कारण साधं असे: फायरबॉक्सच्या छतावरचं पाणी कमी झालं, छत उघडं पडून लाल झालं आणि खचलं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर फायरमनचा, म्हणजे आग सांभाळणाऱ्याचा, डोळा सतत असतो तो यासाठी.

म्हणून मोठ्या दुरुस्तीत इंजिन अक्षरशः सोलतात. वरचं वेष्टण आणि उष्णतारोधक थर काढले की उघडा पत्रा दिसतो. त्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक ठिकाणी अल्ट्रासाउंडने जाडी मोजतात. कुठे पत्रा पातळ झालाय, कुठे गंजाने खड्डे पडलेत, याचा नकाशाच तयार होतो आणि त्या आकड्यांवरून किती दाब सुरक्षित आहे याचं गणित पुन्हा मांडतात. गणितात दाब कमी निघाला, तर पत्रा बदलायचा किंवा कमी दाबावर चालवायचं. नळ्या सगळ्या बाहेर. त्यांच्यावर पाण्यातल्या क्षारांचा थर बसलेला असतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धातू जास्त तापतो आणि लवकर जातो. नव्या नळ्या बसवून त्यांची तोंडं आतून फुलवून पत्र्यात घट्ट करतात.

स्टेबोल्ट तपासायची रीत जुनी आणि आम्हाला फार आवडणारी आहे. हातोडीने एकेकावर टोला मारायचा आणि कान द्यायचा. धड बोल्ट खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. शिवाय अनेक स्टेबोल्टांत बाहेरच्या टोकाकडून एक बारीक भोक पाडलेलं असतं, आरपार नाही. बोल्ट आत कुठे तडकला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपते आणि चोर सापडतो.

हे सगळं झाल्यावर पाण्याच्या दाबाची चाचणी. बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवा राहू द्यायची नाही, आणि पंपाने दाब चढवायचा. अमेरिकेच्या रेल्वे नियमांत हा दाब नेहमीच्या कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त लागतो. म्हणजे इंजिन दर चौरस इंचाला १५० पौंडांवर चालणार असेल तर चाचणी जवळपास १८८ पौंडांवर. वाफ किंवा हवा न वापरता पाणीच का? पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे त्यात ताकद साठून राहत नाही. समजा काही फुटलंच, तर फवारा उडतो आणि दाब लगेच पडतो, स्फोट होत नाही. त्या पाण्याचं तापमानही ठरलेलं आहे, साधारण २१ ते ४९ अंश सेल्सियस. फार गार पोलाद ठिसूळ वागतं, आणि फार गरम असेल तर माणसाला जवळ जाऊन सांधे तपासता येत नाहीत. तपासनीस टॉर्च घेऊन एकेक सांधा, एकेक बोल्टचं डोकं बघत फिरतो. कुठे थेंब दिसला की दाब उतरवून दुरुस्ती आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर विस्तव. थंड बॉयलर घाईने तापवला तर एक पत्रा आधी फुगतो आणि दुसरा मागे राहतो, सांधे ताणले जातात. म्हणून आच हळूहळू वाढवतात. दाब पुरेसा झाला की सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या आकड्याला उघडतो का, ठरल्याप्रमाणे मिटतो का, हे पाहतात. बॉयलरमध्ये पाणी ढकलायची दोन साधनं असतात, एक बंद पडलं तर दुसरं. दोन्ही चालवून बघतात. आणि मग इंजिन पहिल्यांदा हलतं, आधी एकटंच, मग डब्यांसह.

चाकं आणि दांड्यांचं काम बॉयलरइतकं जीवघेणं नाही, पण वेळ तेच खातं. बेअरिंगमधला पांढरा धातू पुन्हा ओतून कातावा लागतो. चाकावरचा पोलादी पाटा झिजला की नवा चढवायचा. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात आणि गार होताना ती आवळून बसते. तंत्र हेच, फक्त मापं इंचाच्या हजाराव्या भागात. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. नमुना करा, ओतकाम करा, लेथवर घ्या.

मग गाडी बंद का असते

चारही इंजिनं एकाच वेळी कधी धावत नाहीत. एखादं मोठ्या दुरुस्तीत, एखादं धुलाईला. बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून आतून धुवावा लागतो. सार्वजनिक रेल्वेवरच्या वाफेच्या इंजिनांना अमेरिकेत दर ३१ सेवादिवसांनी (इंजिन पेटवलेल्या दिवसांनी) तपासणी आहे, आणि १,४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपूर्ण उघडून पाहणी. पार्कच्या आतल्या बंद वर्तुळावरच्या गाडीची कायदेशीर चौकट वेगळी आहे, पण धातू तोच आणि पाणीही तेच, त्यामुळे कामाची शिस्त वेगळी असून चालत नाही.

मोठी दुरुस्ती म्हणजे महिने, कधी वर्षं. ‘लिली बेल’ मागच्या दशकात त्यासाठी थेट पेनसिल्व्हेनियाला, स्ट्रासबर्ग रेलरोडच्या कार्यशाळेत गेली होती. तिचा जन्मही पेनसिल्व्हेनियातलाच, म्हणजे हे तिचं माहेरपणच झालं.

कधी कारण इंजिनाचं नसतंच. डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२२ अशी चार वर्षं ही गाडी बंद होती, कारण रुळांच्या वाटेवर नव्या राइडचं बांधकाम चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची गाडीही बांधकामामुळे जानेवारी २०१६ ते जुलै २०१७ थांबली होती. त्यामुळे सकाळी पार्कच्या ॲपवर पाहा. आम्हीही तेच करतो.

गाडीत बसलात तर

गाडीला वेगळं तिकीट नाही, पार्कच्या प्रवेशातच ती येते. म्हणूनच बंद असल्यास परतावाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुलांच्या बाबागाड्या घडी करून घ्याव्या लागतात.

मुलं खिडकीसाठी भांडतील, भांडू द्या. तुम्ही मात्र आधी फलाटावर पुढे जाऊन इंजिन बघा. कॅबमध्ये दोघं असतात, ड्रायव्हर आणि फायरमन. कोळशाचं फावडं शोधू नका. तेलाचा फवारा वाफेच्या जोरावर फायरबॉक्समध्ये सोडतात, आणि धुराड्यातला धूर काळा आहे की फिका यावरून फायरमन तेल कमीजास्त करतो. निघताना चाकांजवळून पांढऱ्या वाफेचे झोत बाजूला येतात; सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी बाहेर काढण्यासाठी तोट्या उघडलेल्या असतात. पाणी आत राहिलं तर पिस्टन त्यावर आदळून सिलिंडरचं झाकण फोडू शकतो. थांबलेलं इंजिन अचानक कर्कश फुत्कारलं तर घाबरू नका, तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि तो उघडला म्हणजे काम नीट चाललं आहे. रात्री ही इंजिनं ज्या शेडमध्ये मुक्कामाला जातात तिच्या वरच्या मजल्यावर मोनोरेल असते. पाहुण्यांना तिथे प्रवेश नाही, तेव्हा तसा आग्रह धरू नये.

यंत्राची खरी ओढ असेल तर

स्पष्ट सांगायचं तर डिस्नेची गाडी मुलांसाठी उत्तम. यंत्र जवळून पाहायचं असेल तर स्ट्रासबर्गला जा. न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाला मुलांकडे उतरणार असाल तर हे सहज जमतं, आणि जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेतं पाहायला तिकडे जाणं होतंच. १८३२ ची सनद असलेली ही रेल्वे आजही वाफेवर प्रवासी नेते, समोरच पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे संग्रहालय आहे. थंडीत गाड्या कमी असतात, तारीख ठरवण्याआधी विचारा.

नॉर्थ कॅरोलायनात ब्लोइंग रॉकजवळ ट्वीट्सी रेलरोड नावाचा छोटा पार्क आहे, १९५७ चा. तिथल्या क्रमांक १९० ची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. १९४३ मध्ये बॉल्डविनने अमेरिकी लष्करासाठी बनवलेलं हे इंजिन अलास्काच्या बाजूला गेलं. त्याच नमुन्याची भावंडं युद्धकाळात मीटर गेजवर आपल्या ईशान्य भारतात धावली, इथे त्यांना ‘मॅकआर्थर’ म्हणत. गाडीवर घोडेस्वार दरोडेखोरांचा खोटा हल्ला होतो, लहान मुलांना आधी कल्पना द्या.

पश्चिम किनाऱ्याच्या सहलीत डिस्नेलँड आहे. तिथलं ‘फ्रेड गर्ली’ इंजिन १८९४ चं आहे आणि हॉटेलांत वापरून उरलेल्या तळणीच्या तेलापासून केलेलं बायोडिझेल तिथे जाळतात.

यांपैकी कुठलीही जागा जोडून हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, तिकीट काढून झाल्यावर मार्ग बदलणं महाग पडतं. गुडघ्यांचा त्रास किंवा व्हीलचेअर असेल तर तेही तेव्हाच लिहून द्या. डब्यात चढायच्या सोयी प्रत्येक ठिकाणी सारख्या नाहीत, आणि सोबत कोण चढणार हे आम्हाला आधी ठरवून ठेवता येतं.