उधारीची वही कोणाच्या हातात?

ठाणे-नवी मुंबईत माणसाला पैशांची निकड लागली की ठोठावायला दारं बरीच आहेत. वाणी, भिशी, पतपेढी, सोनार, बँक, क्रेडिट कार्ड आणि आता मोबाइलमधलं ॲप. दर वेगळे, मुदती वेगळ्या, वसुलीच्या तऱ्हा तर फारच वेगळ्या. पण या सगळ्यांचा मागचा इतिहास चाळताना मला व्याजदरापेक्षा दुसराच प्रश्न मोठा वाटतो: हिशेब लिहितो कोण, आणि ज्याच्या नावावर तो लिहिला जातो त्याला तो वाचायला मिळतो का? गेल्या दीडशे वर्षांतले कर्जाविषयीचे बरेचसे कायदे आणि संस्था फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

सुरुवात घाटावर होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले आणि तिथून हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. जमावाला हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. ते हातात पडले की जाळायचे, एवढाच कार्यक्रम. रोखा जळला की कर्ज गेलं, हा त्यांचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. मुद्दल किती, व्याज किती, फेडलेले पैसे कुठे गेले याचा एकमेव पुरावा सावकाराच्या घरात होता, आणि त्याखाली अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नव्हता.

या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो बहुतेकांना आठवतो तो शेतकऱ्याची कर्जापायी होणारी अटक थांबवणारा म्हणून. मला त्यातली शेवटाकडची कलमं जास्त मोलाची वाटतात. पैसे भरले की शेतकऱ्याला पावती मिळण्याचा हक्क, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क आणि मागितल्यास पासबुक. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं. दामदुप्पट, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हा जुना हिंदू कायद्याचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत होती. पण मुद्दल मुळात किती होतं हेच सिद्ध करता येत नसेल, तर दामदुप्पट मोजणार कशाच्या आधारावर?

ठाणे जिल्ह्यात याची सगळ्यात वाईट तऱ्हा उत्तरेकडच्या आदिवासी पट्ट्यात होती. डहाणू, तलासरी हा भाग तेव्हा ठाण्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि त्यापोटी नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला लागायची. अशाला लग्नगडी म्हणत. फेड श्रमात चाललेली, श्रमाचा भाव मालकाने ठरवलेला आणि हिशेबही मालकाच्याच डोक्यात. कर्ज फिटणार तरी कसं? जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे वारली प्रतिनिधी आले, आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्धचा लढा पेटला. वेठबिगारी देशभर कायद्याने बंद व्हायला मात्र १९७६ साल उजाडावं लागलं, आणि कायदा झाल्यावरही याच जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवण्यासाठी पुन्हा उभं राहावं लागलं.

पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरातलं धान्य संपतं, तेव्हा आदिवासी खावटी, म्हणजे पोटापुरती उधारी, काढतो. ही गरज ओळखून राज्य सरकारने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केलं. २०२० मध्ये तर कर्जाऐवजी खावटी अनुदान मंजूर झालं, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूरूपात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही हा शब्द वापरात आहे.

शहराकडे आलं की गोष्ट बदलते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सभासदांनीच एकमेकांना कर्ज द्यायची वाट खुली केली होती, पण ती ग्रामीण भागात फार झिरपली नव्हती. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपाहणीत १९५१-५२ साली सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के, आणि व्यावसायिक व शेतकरी-सावकार मिळून सुमारे ७० टक्के. शहरात मात्र पगारदार होता. पगार ठरलेला, मालक ठरलेला, म्हणजे वसुली पक्की. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कामगारांच्या पतपेढ्या रुजल्या त्या याच जोरावर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ४९ सांगतं की सभासदाने तसं लिहून दिलं असेल तर मालकाने हप्ता पगारातून कापून थेट संस्थेत भरायचा. थकलं तर कलम १०१ खाली सहकार खात्याचा निबंधक वसुलीचा दाखला देतो, दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

पतपेढीचा खरा कणा म्हणजे जामीनदार. अर्जावर दोन सह्या लागायच्या आणि त्या सह्यांसाठी माणूस आठ-आठ दिवस शिफ्ट सुटताना गेटवर थांबायचा. "अरे, तुझी सही दे, पुढच्या वेळी माझी घे," असं साटंलोटं चालायचं. कर्जदार बुडाला की जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू व्हायची, कारण कायद्याने दोघांची जबाबदारी सारखीच. त्यामुळे सही देताना लोक घरची माहिती काढत: दारू पितो का, बायको कमावते का, गावाला जमीन आहे का. आज कंपन्या संगणकावर जे करतात ते तेव्हा चहाच्या टपरीवर होत होतं, आणि चौकशीत कोणाची इभ्रत जायची तर जायची. पतपेढीचे गोडवे गाताना हे विसरू नये. जातीचा, गावचा, भावकीचा नसलेल्याला दुसरी सही मिळवणं जडच जायचं. एक गोष्ट मात्र चोख होती, पासबुक सभासदाच्या हातात आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायची मुभा.

त्याच काळात किराणा दुकानाची लाल डायरी चालू होती. पगार कायद्यानुसार ७ किंवा १० तारखेपर्यंत व्हायचा आणि त्याच संध्याकाळी वाण्याकडे गर्दी. "शेट, मांडून ठेवा" म्हणणाऱ्याला व्याज लागत नसे. ते भावात आधीच धरलेलं असे, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाने तांदळाच्या प्रतीवरून घासाघीस करायची नसते हेही ठरलेलं. बऱ्याच ठिकाणी डायऱ्या दोन असत, एक दुकानात आणि एक गिऱ्हाइकाकडे. कारखान्यात टाळेबंदी झाली की वाण्याची डायरी फुगायची, आणि कोणाची किती फुगू द्यायची हे तोच ठरवायचा.

१९७२ हे ठाण्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगं साल. ठाणे जनता सहकारी बँक आणि कळव्याची पारसिक जनता सहकारी बँक या दोन्ही त्याच वर्षीच्या. शेजारी डोंबिवली नागरी बँक १९७० ची. बँकांचं राष्ट्रीयीकरण जुलै १९६९ मध्ये होऊन गेलं होतं, पण जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराला किंवा कळव्याच्या भूमिपुत्राला ओळखणारा मॅनेजर मिळाला तो या बँकांत. पिग्मीची, म्हणजे दारात येऊन रोज गोळा होणाऱ्या छोट्या बचतीचीही चलती इथेच. ही योजना मूळची उडुपीची, सिंडिकेट बँकेच्या पूर्वसुरींनी १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करायला सुरू केलेली. गावदेवी मार्केटमधल्या फळवाल्याकडे एजंट रोज यायचा, कार्डावर आकडा लिहायचा आणि सही करायचा. वर्षभर न चुकता भरलेलं ते कार्ड दाखवलं की छोटं कर्ज मिळायचं. बचतीची नोंद पत म्हणून चालत होती.

वाशीला बाजार समितीचे घाऊक बाजार आले तशी वेगळी उधारी आली. कोकणातल्या आंबा बागायतदाराला हंगामाआधी फवारणीला पैसे लागतात, ते आडत्या, म्हणजे बाजारात त्याचा माल विकून देणारा दलाल, देतो. त्याला उचल म्हणतात. लेखी व्याज बहुधा नसतं, पण माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा ही अट असते. मग हातात पडते पट्टी: पेट्या इतक्या, भाव इतका, वजा मोटारभाडं, वजा हमाली, वजा उचल. भाव कोणत्या क्षणी आणि कसा ठरला हे बागायतदाराला रत्नागिरीत बसून दिसत नाही. १८७९ च्या कायद्याने पावती मिळवून दिली, पण पावतीवरचा आकडा कुठून आला हे ती अजूनही सांगत नाही.

नवी मुंबईत जमिनीचा तिढा निराळा आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, १९७० ची. तिची जमीन भाडेपट्ट्याने, त्यामुळे फ्लॅट गहाण ठेवताना सिडकोची ना-हरकत लागत आली. मूळ गावठाणालगत भूमिपुत्रांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेल्या गरजेपोटीच्या घरांचा प्रश्न त्याहून अवघड. चार मजली घर, खाली गाळे, महिन्याचं भाडं हातात, पण कागद स्वच्छ नाही म्हणून बँक गहाण घेत नाही. अशा वेळी "पाच टक्क्यांनी" पैसे घेतले जातात, आणि हे पाच टक्के महिन्याचे असतात, वर्षाचे साठ.

कोणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारं सिबिल स्थापन झालं २००० मध्ये, ग्राहकांची माहिती पुरवू लागलं २००४ मध्ये आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला २००५ मध्ये. कर्जफेडीची शिस्त मोजणारा ३०० ते ९०० मधला आकडा लोकांच्या तोंडी बसायला आणखी दहा वर्षं लागली. जामीनदाराच्या सह्यांची जागा या आकड्याने घेतली, तशी वहीही पुन्हा आपल्या हातातून गेली. ती परत थोडी आली ती रिझर्व्ह बँकेच्या आदेशांमुळे. वर्षातून एकदा आपल्या नोंदींचा अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. जानेवारी २०२५ पासून नोंदी पंधरवड्याला अद्ययावत करायचा नियम आला. ॲपवरून कर्ज घेताना सगळे खर्च एका पानावर मांडून दाखवायचं बंधनही आहे. ते पान न वाचता ओके दाबणारे मात्र चिकार.

या अहवालात काय येत नाही तेही पाहायला हवं. चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या मासेविक्रेतीने वर्षानुवर्षं भिशी चालवली असेल, वाण्याचा एक पैसा ठेवला नसेल, तरी बँकेच्या पडद्यावर तिच्या नावापुढे इतिहास नाही एवढंच दिसतं. वाणी आणि भिशी कोणाला काही कळवत नाहीत. तिने सोन्याच्या बांगड्या बँकेत ठेवून कर्ज उचललं की पहिली नोंद तयार होते.