मिशिगन विधिमंडळाची उमेदवारी: प्रायमरीसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात असा फॉर्मच नाही. तेथे डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षातर्फे राज्य विधिमंडळाची निवडणूक लढवू इच्छिणारी व्यक्ती आपला पक्ष कोणता हे शपथपत्रावर स्वतःच लिहून देते, त्यावर पक्षाच्या पदाधिकाऱ्याची सही लागत नाही, आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत, म्हणजेच प्रायमरीत, मतदार ठरवतात. अर्ज भरण्याच्या टप्प्यावर पक्षश्रेष्ठींची नाराजी कोणाला रोखू शकत नाही. रोखतात ते मुदत, पत्ता आणि शपथपत्रातील रिकामे राहिलेले रकाने.

मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात ११० सदस्य असून त्यांची मुदत दोन वर्षांची असते, तर सिनेटचे ३८ सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात. २०२६ मध्ये दोन्ही सभागृहांची निवडणूक आहे. राज्यघटनेनुसार उमेदवार अमेरिकेचा नागरिक, किमान २१ वर्षांचा आणि ज्या मतदारसंघातून तो निवडून जाऊ पाहतो तेथील मतदार असावा लागतो. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्यांना त्यामुळे ही वाट बंद आहे, मात्र नागरिकत्व जन्माने मिळाले की नंतर घेतले, असा भेद येथे केला जात नाही. बेळगावात वाढलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले होते. २०२० मध्ये त्यांनी डेट्रॉइटमधील तिसऱ्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहासाठी अर्ज भरला आणि सात उमेदवारांच्या प्रायमरीत सुमारे ३५ टक्के मतांवर ते विजयी झाले. मिशिगनमध्ये प्रायमरीची दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मते मिळवणाराच पक्षाचा उमेदवार ठरतो. म्हणून गर्दीच्या प्रायमरीत एक तृतीयांश मतेही पुरतात. ज्या भागात एकाच पक्षाचे प्राबल्य आहे तेथे खरी लढत ऑगस्टमध्येच संपते आणि नोव्हेंबरमधील मुख्य निवडणूक ही केवळ औपचारिकता उरते.

पत्त्याची बाब वाटते तितकी सोपी नाही. डेट्रॉइट परिसरातील काही मतदारसंघांच्या सीमा न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा आखाव्या लागल्या. प्रतिनिधिगृहाचा नवा नकाशा २०२४ पासून लागू झाला आणि सिनेटचा २०२६ च्या निवडणुकीपासून लागू होत आहे. जुन्या माहितीवर विसंबून न राहता आपले घर सध्या कोणत्या मतदारसंघात येते हे आधी तपासावे, आणि घर बदलायचे असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच नव्या पत्त्यावर मतदार नोंदणी उरकून घ्यावी. निवडून आल्यावर मतदारसंघाबाहेर वास्तव्य हलवले तर पद रिकामे झाल्याचे मानले जाते. सरकारी पदाचा गैरवापर करून फसवणूक वा विश्वासघाताचा गंभीर गुन्हा केल्याबद्दल गेल्या २० वर्षांत शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र ठरते. शिवाय २०२२ च्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोन्ही सभागृहांत मिळून एकूण १२ वर्षांपेक्षा अधिक काळ राहता येत नाही.

प्रायमरी सम वर्षांत ऑगस्टमधील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. २०२६ मध्ये ती तारीख ४ ऑगस्ट आहे. अर्जाची मुदत त्याआधीच्या पंधराव्या मंगळवारी दुपारी ४ वाजता, म्हणजे २१ एप्रिल २०२६ रोजी संपते. मतदारसंघ एकाच काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) असेल तर अर्ज काउंटी क्लर्ककडे द्यायचा असतो, आणि तो एकाहून अधिक काउंट्यांत पसरलेला असेल तर सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांची जबाबदारी असलेला राज्याचा अधिकारी, यांच्या निवडणूक विभागाकडे.

मतपत्रिकेवर नाव छापून येण्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मतदारांच्या सह्यांचा: प्रतिनिधिगृहासाठी किमान २०० आणि कमाल ४००, सिनेटसाठी किमान ५०० आणि कमाल १,००० सह्या लागतात, आणि सही करणारा त्या मतदारसंघाचा नोंदणीकृत मतदार असावा लागतो. दुसरा मार्ग १०० डॉलर शुल्क भरण्याचा. ही रक्कम आपल्याकडच्या अनामत रकमेसारखी आहे, मात्र ती वाचवण्याची अट बरीच उदार आहे: महाराष्ट्रात एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळवावी लागतात, तर मिशिगनमध्ये प्रायमरी जिंकणाऱ्यालाच नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यालाही पैसे परत मिळतात. अर्ज मागे घेणाऱ्याचे किंवा बाद ठरलेल्याचे पैसे मात्र जातात.

घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्याने ओळखी वाढतात, हे खरे आहे. तरीही कागद बिनचूक राहावा ही पहिली गरज असेल तर १०० डॉलर भरणे अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे. सहीसोबत पत्ता आणि तारीख लागते, आणि सह्या गोळा करणाऱ्याने पानाच्या शेवटी सही करून जी तारीख घातली, तिच्यानंतरची सही मोजली जात नाही. सह्यांवर आक्षेप घेण्यासाठी मुदत संपल्यावर सात दिवस मिळतात आणि प्रतिस्पर्धी ते वाया घालवत नाहीत. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या पाच रिपब्लिकन इच्छुकांची नावे मतपत्रिकेवर येऊ शकली नाहीत, कारण पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी हजारो सह्या बनावट केल्याचे निवडणूक विभागाला आढळले. त्या पदासाठी शुल्काचा पर्याय नाही, विधिमंडळासाठी आहे.

कोणताही मार्ग निवडला तरी ओळखीचे शपथपत्र अनिवार्य आहे, आणि सर्वाधिक काळजी त्याचीच घ्यावी. त्यात नाव, पत्ता, नागरिकत्व, पद आणि पक्ष लिहून नोटरीसमोर सही करावी लागते. गेल्या दहा वर्षांत नाव बदलले असल्यास तेही सामान्यतः नमूद करावे लागते. पूर्वीच्या प्रचार समितीचे, म्हणजे उमेदवाराच्या प्रचाराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या समितीचे, सर्व हिशेब सादर झाले असून दंडाची बाकी नाही, अशी हमीही त्यातच द्यायची असते. ही हमी खोटी निघाली तर उमेदवारी तर जातेच, पण खोट्या शपथेचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

अर्ज मागे घेण्यास मुदत संपल्यानंतर तीनच दिवस मिळतात. अखेरच्या घटकेचे डावपेच येथेही चालतात. २०१२ मध्ये ग्रँड रॅपिड्सचे आमदार रॉय श्मिट यांनी मुदत संपता संपता डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन म्हणून अर्ज भरला, आणि डेमोक्रॅटिक बाजूला आपल्याच सोयीचा एक नाममात्र उमेदवार उभा केला. तो प्रकार उघडकीस आल्यावर विनी ब्रिंक्स यांनी प्रायमरीत आपले नाव मतदारांकडून मतपत्रिकेवर हाताने लिहून घेतले, डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये श्मिट यांना हरवले. २०२३ मध्ये त्या सिनेटच्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अशा हस्तलिखित मतांसाठीही मतदानाआधीच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत इरादापत्र, म्हणजे आपण असे उमेदवार आहोत हे कळवणारे पत्र, द्यावे लागते.

मिशिगनमध्ये मतदार नोंदणी पक्षनिहाय होत नाही, त्यामुळे प्रायमरीत मतदार गुप्तपणे कोणत्याही एका पक्षाचा रकाना निवडतो; दोन्ही रकान्यांत खुणा केल्यास मतपत्रिकेचा पक्षीय भाग बाद होतो. एका पक्षाच्या प्रायमरीत हरलेल्या उमेदवाराला त्याच निवडणुकीत दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहता येत नाही.

उमेदवारी सुरू झाल्यापासून दहा दिवसांत प्रचार समिती स्थापन करून पुढील दहा दिवसांत तिची नोंदणी करायची असते. १,००० डॉलरपेक्षा अधिक जमा किंवा खर्च होणार नसेल तर नियतकालिक हिशेबातून सूट मागता येते. प्रायमरी हरल्यानंतरही समिती रीतसर बंद केल्याशिवाय ही जबाबदारी संपत नाही. न भरलेल्या हिशेबांवर दंड चढत जातो, आणि तो थकलेला असताना पुढच्या निवडणुकीचे शपथपत्र खरेपणाने भरता येत नाही.