कयाकचा फर्मा मोडला की सांगाडा? डागडुजीआधी हे बघा

घरी लाकडी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद नाव) बांधणारा कुणी ‘फ्रेमला तडा गेलाय, काय करू?’ असं विचारतो, तेव्हा आधी त्यालाच विचारावं लागतं की बाबा, कोणती फ्रेम? गच्चीवरच्या शेडमध्ये ओळीने उभे केलेले प्लायचे आडवे छेद दोन्ही प्रकारांत सारखेच दिसतात. एका प्रकारात ते काम झालं की काढून टाकायचे असतात. दुसऱ्यात ते नावेसोबत पाण्यात उतरतात. पहिल्याला फर्मा म्हणू, दुसऱ्याला सांगाडा. स्लॅबचं सेंट्रिंग आणि स्लॅबमधली सळई यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोघांत आहे, आणि डागडुजीही त्याच हिशेबाने बदलते.

फर्मा लागतो तो पट्ट्यांच्या कयाकला. साधारण ६ मिमी जाडीच्या आणि पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत नावेचं अंग तयार करतात. त्या नीट वळाव्यात म्हणून एका सरळ, लांब तुळईवर फूटभर अंतराने फर्मे उभे असतात. बाहेरून काचेचं कापड (फायबरग्लास) आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) चढलं की फर्मे निघतात आणि मग आतून कापड लागतं. ताकद सगळी पट्ट्यांची आणि कापडाची. फर्म्याने फक्त कडेची रेषा सांभाळायची.

म्हणून मोडलेला फर्मा जोडताना देखणेपणाची किंवा मजबुतीची फिकीर नको. तुकडे मूळ कागदी नकाशावर ठेवून जुळवा आणि पाठीमागून प्लायची पट्टी स्क्रूने ठोकून टाका. फक्त ही पट्टी कडेपासून दोनेक सेंमी आत थांबली पाहिजे, नाहीतर नावेची पट्टी कडेऐवजी तिच्यावरच टेकते. कड झिजली असेल तर लांबी (पुट्टी) भरून कानशीने रेषेवर आणायची. वर ब्राऊन टेप लावायला विसरू नका. टेप नसेल तर ओघळलेला गोंद फर्म्याला धरतो आणि शेवटी फर्मा उपसताना आतल्या पट्टीचे टवके निघतात.

नागपुरात फर्म्याचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. एमडीएफचा फर्मा उन्हाळाभर ठणठणीत असतो, पण जुलैत शेड गळली की कडा फुगतात, आणि फुगलेलं एमडीएफ वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. तो फर्मा दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, नवा कापा. लकडगंजच्या लाकूडबाजारातून १२ मिमी प्लायचा उरलासुरला तुकडा आणला तरी भागतं.

आणि नुसत्या फर्म्यावर आळ घेऊ नका. एक लवचिक रीप चार-पाच फर्म्यांवरून आडवी धरा. एकाच फर्म्याशी उंचवटा किंवा फट दिसली तर दोष त्या फर्म्याचा. पण तुळईच्या मधोमध ताणलेल्या दोरीपासून फर्मे एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे कलत गेलेले दिसले, तर तुळई पिळली आहे. तेव्हा फर्मे तासू नका. तुळईखाली पाचर द्या, लेव्हल आणि ओळंबा लावा, मग पुन्हा रीप धरा. अर्ध्या पट्ट्या चढल्यावर फर्मा हलला असेल तर तो बाहेर काढायच्या फंदात पडूच नये. जागच्या जागी पाचर मारून तुळईला पक्का करावा आणि पुढच्या पट्ट्या बसवाव्यात.

सांगाड्याचं गणित उलटं. ग्रीनलँडच्या जुन्या पद्धतीच्या कयाकमध्ये काठाच्या दोन लांब फळ्या, वाफेवर वाकवलेल्या बरगड्या आणि लांबीभर जाणाऱ्या दांड्या असतात, वरून कातडं. हल्ली नायलॉन नाहीतर कॅनव्हास. जोड दोरीने बांधलेले, म्हणजे लाटेवर सगळं थोडं लवतं. इथे फर्म्यासारखी पट्टी स्क्रूने ठोकली तर ती जागा ताठ होते आणि पुढचा तडा बरोबर तिच्या शेजारी जातो. स्क्रूचं भोकही तंतू तोडतं ते वेगळंच.

लांब दांडी तुटली तर तिरका सांधा हवा. जाडीच्या आठपट उतार धरा, म्हणजे २० मिमी जाडीला १६० मिमी. दोन्ही उतार रंध्याने एकसारखे करा, इपॉक्सी लावा आणि क्लॅम्प बेताने आवळा, कारण फार आवळलं की गोंद बाहेर जातो आणि सांधा कोरडा राहतो. चंद्रपूरकडचं सागवान वापरलं असेल तर आधी ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा, सागाच्या अंगच्या तेलावर इपॉक्सी नीट धरत नाही. बरगडीचा तडा मात्र मी चिकटवणार नाही. वाकलेल्या लाकडावर ताण कायम असतो, तो सांधा पुन्हा उघडतो. जाडीच्या इंचाला तासभर हा वाफेचा ढोबळ हिशेब, आणि बरगडी तर इंचाच्याही आतली. नवी वाकवून बसवणंच स्वस्त पडतं. सांगाडा प्लायच्या छेदांचा असेल तर मोडका छेद बदला आणि प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच घ्या, लकडगंजातला तो उरलासुरला तुकडा इथे चालणार नाही.

काही आराखड्यांत एखाद-दोन फर्मे आतच राहतात आणि पुढे नावेचे पडदे, म्हणजे आतल्या आडव्या भिंती होतात. त्यांना पहिल्या दिवसापासून सांगाडाच समजा. त्यांच्या कडेवर ना लांबी, ना टेप.

इपॉक्सीचं काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धरावं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कपातलं मिश्रण हातातच तापून घट्ट होतं, साधारण दर १० अंशांना कामाचा वेळ निम्मा होतो. पावसाळ्यात उलट तऱ्हा, दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पॉलिश पेपरने घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, नाहीतर पुढचा हात धरत नाही.