जंगलातील पोषणचक्र आणि बुरशी

जंगलात बाहेरून खत कोणी घालत नाही. गळालेल्या पानांत, मोडलेल्या फांद्यांत आणि उन्मळलेल्या खोडांत अडकलेले नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा मुळांपर्यंत पोचले, तरच नवी वाढ होते. या फेऱ्यात लाकूड कुजवण्याचे सर्वांत अवघड काम बुरशी (कवके) करते.

लाकडातील तंतुमय सेल्युलोज पचवणारे जिवाणू पुष्कळ आहेत, पण त्याला घट्ट बांधणाऱ्या चिवट लिग्निनचा पुरता फडशा प्रामुख्याने श्वेतकुज बुरशीच पाडते. तिची पेरॉक्सिडेज विकरे लिग्निन तोडतात आणि मागे फिकट, धागे सुटणारे लाकूड उरते. तपकिरी कुजीची बुरशी सेल्युलोज काढून घेते आणि लिग्निन थोडेफार बदलून तसेच सोडते. असे खोड आडवे-उभे तडकून त्याचे चौकोनी तुकडे होतात, बोटांत धरले की भुगा पडतो. हा भुगा मातीत दीर्घकाळ टिकतो.

कुजले की पोषकद्रव्ये लगेच मोकळी होतात, हा समज अर्धाच खरा. लाकडात कार्बन भरपूर, नायट्रोजन नावापुरता. त्यावर बुरशीचे भागत नाही. मग ती तंतूंच्या जुड्यांमधून आसपासच्या मातीतला नायट्रोजन ओंडक्यात ओढून आणते. त्यामुळे कुजत्या ओंडक्यातला नायट्रोजन सुरुवातीला चक्क वाढू शकतो. तो सुटतो बुरशी मेल्यावर, किंवा माइट, स्प्रिंगटेल, सूत्रकृमी या मातीतल्या चिमुकल्या प्राण्यांनी तिचे तंतू खाल्ल्यावर. बुरशी खाणाऱ्या या जिवांचा वाटा सहसा दुर्लक्षितच राहतो.

पोषकद्रव्ये झाडाकडे परतण्याचा दुसरा मार्ग जिवंत मुळांशी जोडलेल्या बुरशीचा. मुळे आणि बुरशी यांच्या या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिले. फॉस्फरस मातीत फारसा हलत नाही. मुळाभोवतीचा संपला की झाड अडते. बुरशीचे काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे तंतू त्यापलीकडे, मूलरोमही शिरू शकणार नाहीत अशा फटींत पोचतात. बदल्यात झाड साखर आणि मेद पुरवते. पाइन, ओक, साल यांच्या मुळांच्या टोकांवर बुरशीचे आवरण चढते. उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत मात्र ती थेट पेशींत शिरते.

कुजवणारी बुरशी आणि मुळांवरची बुरशी या दोन गटांचे आपसांत जमतेच असे नाही. १९७१ मध्ये रूथ आणि पीटर गाडगीळ यांनी न्यूझीलंडमधील पाइनच्या लागवडीत मायकोरायझायुक्त मुळांना मज्जाव केला, तेव्हा पालापाचोळा अधिक वेगाने कुजला. मुळांवरची बुरशी नायट्रोजन आधीच उचलून कुजवणाऱ्या बुरशीची कोंडी करते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. पुढे इतर जंगलांतील प्रयोगांत हा परिणाम कुठे दिसला, कुठे दिसला नाही, तर कुठे उलटाही आढळला.