प्रेसचे बेअरिंग आणि बोल्टचा हब: पुढच्या चाकाला हात घालण्याआधी ओळखायचा फरक

वेग वाढला की पुढच्या बाजूने घोंघों आवाज येतो, स्टिअरिंग उजवीकडे वळवले की तो वाढतो आणि डावीकडे वळवले की कमी होतो. अशा वेळी संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर जातो, कारण उजव्या वळणात गाडीचा भार डावीकडे सरकतो. जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग गेले असेल तर खरखर बोटांना जाणवते. इथवर सगळ्या गाड्यांचे सारखेच. पुढे मात्र दोन वेगळ्या वाटा फुटतात, आणि आपली वाट कोणती हे नट सैल करण्याआधी माहीत नसेल तर गाडी स्टँडवर चढवून अर्ध्यात अडकण्याची वेळ येते.

पहिला प्रकार प्रेसने, म्हणजे जोराने दाबणाऱ्या यंत्राने, बसवायच्या बेअरिंगचा. हे बेअरिंग म्हणजे नुसते जाड कडे: आतली रेस, बाहेरची रेस (रेस म्हणजे छरे जिच्यावर फिरतात ती कडी), मधे छऱ्यांच्या दोन ओळी आणि दोन्ही तोंडांना सील. ते स्टिअरिंग नकलच्या (चाक धरणारा आणि स्टिअरिंगबरोबर वळणारा जाड भाग) भोकात घट्ट दाबून बसवलेले असते आणि बहुधा सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) अडवलेले असते. चाक ज्यावर बसते तो हब वेगळा असतो आणि तोही या बेअरिंगच्या आतल्या रेसमध्ये दाबूनच बसवलेला असतो. म्हणजे घट्ट बसणी दोन ठिकाणी.

दुसऱ्या प्रकारात बेअरिंग आणि हब कारखान्यातूनच एकत्र येतात. चाकाचे स्टड किंवा बोल्टची भोके असलेली चकती त्याच भागाला असते आणि तो संपूर्ण भाग नकलला मागून तीन किंवा चार बोल्टनी धरलेला असतो. इथे दाबण्याचे काम काहीच नाही. जुना काढा, नवा लावा.

ऐकायला ओळख सोपी वाटते, पण गल्लत होते ती याच्या पुढे. काही गाड्यांत बेअरिंग नकलला बोल्टने लागते, मात्र हब त्यात वेगळा दाबावा लागतो. मागून बोल्ट दिसले म्हणून निश्चिंत व्हावे, तर नवा सुटा भाग हातात येतो तेव्हा त्याला चाकाची चकतीच नसते. म्हणून माझा आग्रह असा की आधी चासी नंबरवरून योग्य भाग मागवा, तो समोर ठेवून बघा आणि मगच गाडी उचला. चकती आणि स्टडसह पूर्ण हब असेल तर काम घरचे. मधे भोक असलेले नुसते कडे असेल तर प्रेस लागणारच.

बोल्टच्या हबचे काम खरोखर थोडक्यात सांगता येते. एक्सलचा नट, कॅलिपर (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग), डिस्क, मागचे बोल्ट, झाले. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर हवी. खरा शत्रू गंज. बोल्ट निघाले तरी हब नकलमधून हलत नाही, तेव्हा गंज सोडवणारे तेल मारून त्याला वेळ द्या. मग मागचे बोल्ट काही आटे आत राहतील एवढे सैल ठेवून त्यांच्या डोक्यांवर सॉकेट लावून आळीपाळीने ठोकले की हब हळूहळू बाहेर येतो. ठोके एक्सलच्या टोकावर पडू देऊ नका. तिथले आटे बिघडले की एका कामाची दोन कामे होतात. नवा हब लावण्याआधी नकलचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. तिथे गंजाची पापडी राहिली तर हब किंचित तिरका बसतो, डिस्क डगमगते आणि ब्रेक दाबला की पेडल थरथरते. मग दोष नव्या भागाला दिला जातो, जो त्याचा नसतो.

प्रेसच्या बेअरिंगकडे जरा थांबून बघायला हवे, कारण नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते ते बहुतेक इथेच.

हब दाबून बाहेर काढला की बेअरिंगची बाहेरच्या बाजूची आतली रेस सहसा हबलाच चिकटून येते. जुने बेअरिंग तिथेच संपले, ते पुन्हा वापरायचे नाही. हबवरची रेस पुलरने काढावी. ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फोडतात तेही चालते, पण कापताना हबच्या गुळगुळीत भागाला ओरखडा जाता कामा नये. सर्क्लिप काढल्याशिवाय बेअरिंगवर दाब देऊ नका, हे वेगळे सांगायला नको, तरी घाईत विसरले जाते.

नवे बेअरिंग बसवताना एकच नियम: जी रेस घट्ट बसणार आहे, दाब त्याच रेसवर पडला पाहिजे. नकलमध्ये बेअरिंग घालताना बाहेरची रेस घट्ट बसते, म्हणून दाबणारी चकती फक्त बाहेरच्या रेसला टेकावी. हब घालताना आतली रेस घट्ट बसते, म्हणून मागून आतल्या रेसला आधार हवा. हा आधार चुकीच्या रेसला दिला तर सगळा जोर एका रेसमधून दुसरीकडे छऱ्यांमार्फत जातो. रेसच्या कडक पृष्ठभागावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे खळगे पडतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत जुन्यासारखे गुणगुणू लागते. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचेही हेच होते, म्हणून हातोड्याचा मार्ग मी सुचवणार नाही, कितीही सोपा दिसला तरी.

लांब बोल्ट, जाड चकत्या आणि योग्य मापाचे कप असलेला संच मिळाला तर नकल गाडीवरच ठेवून हे काम होते. तरीही मला जास्त शहाणपणाचे वाटते ते वेगळेच: नकल घरी सोडवायची आणि दाबण्याचे काम हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमधून करून घ्यायचे. नकल काढताना टाय रॉड, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे बोल्ट सुटतात. स्ट्रटच्या बोल्टची जागा काढण्याआधीच खुणा करून ठेवा, कारण तिथूनच चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, ठरतो. अलाइनमेंट मात्र नंतर तपासून घ्यावीच.

एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) गोष्ट दोन्ही प्रकारांत आहे, पण चूक करायची सोय प्रेसच्या बेअरिंगमध्ये जास्त. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलवर चुंबकीय पट्टी असते. चाकाच्या वेगाचा सेन्सर ती वाचतो, म्हणून ती बाजू सेन्सरकडेच तोंड करून हवी. नुसत्या नजरेने दोन्ही बाजू सारख्या वाटू शकतात, तेव्हा चुंबक दाखवणारे कार्ड टेकवून खात्री करा. बेअरिंग उलटे बसले तर एबीएसचा दिवा लागतो, आणि ते सुलटे करायला पुन्हा दाबून काढावे लागते, म्हणजे नवीनच घ्यावे लागते. पट्टीजवळ चुंबकी ट्रे किंवा लोखंडाचा कीस येऊ देऊ नका. बोल्टच्या हबमध्ये ही दिशा कारखान्यातच ठरलेली असते. काहींना सेन्सरची वायर जोडलेलीच येते, ती मूळ क्लिपांतून न्यायची एवढेच.

शेवटी एक्सलचा नट, जो दोन्ही वाटांवर सारखाच महत्त्वाचा. बऱ्याच बेअरिंगांत आतली रेस दोन तुकड्यांची असते आणि ते दोन तुकडे एकमेकांना घट्ट धरतो तो हा नट. म्हणून नट सैल असताना किंवा एक्सल काढलेला असताना गाडीचे वजन चाकावर देऊ नका, गाडी ढकलून बाजूला करणे तर नाहीच. नट नवा वापरा. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, चाक हवेत असतानाच टॉर्क रेंचने सांगितलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या पिळाचा जोर) आवळा आणि मगच गाडी खाली घ्या. हा आकडा अनेक गाड्यांत 200 न्यूटन मीटरच्या पुढे जातो आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तेव्हा तो आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. इम्पॅक्ट गनने शेवटचे आवळणे टाळा. गनला टॉर्क कळत नाही, आणि कमी-जास्त दोन्ही बेअरिंगला घातक. नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून वाकवायची असेल तर ती वाकवल्यावरच चाकाची टोपी लावा.